सुरण लावताय? या चुका टाळा

सुरणाच्या तक्रारी दोनच. एक, उगवला नाही, दुसरी, खाजला. पहिलीचं कारण बहुतेक वेळा गड्डा कापतानाच घडलेलं असतं.

गड्ड्याच्या माथ्यावर, बरोबर मध्यभागी मोठा डोळा असतो. मुख्य कोंब तिथूनच येतो. बटाट्याच्या सवयीने गड्डा आडवातिडवा कापला की डोळा एकाच फोडीला जातो. बाकीच्या फोडी उगवायला फार वेळ घेतात, काही जमिनीतच कुजतात. म्हणून माथ्यापासून बुडापर्यंत उभ्या फोडी करा, प्रत्येकीला त्या डोळ्याचा थोडा तरी भाग हवा. फोड अर्धा ते एक किलोची ठेवा. पाव किलोच्या फोडीतून मोठ्या गड्ड्याची आशा धरू नका. कापल्यावर फोडी शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवा आणि डोळा वर ठेवून लावा.

नुकताच खणलेला गड्डा लगेच लावू नका. त्याला दोन-तीन महिन्यांची झोप लागते. जानेवारीत काढलेला कंद मेमध्ये लावला तर बरोबर बसतो.

वर डोलणारं ते खोड नव्हे, एकाच पानाचा देठ आहे. गुरांनी तो मोडला तर कंद पोसायला काही उरत नाही, म्हणून कुंपण आधी घाला. कोकणातल्या पावसात खोलगट आळं हा तर सुरणाचा घात! पाणी साचलं की देठ जमिनीलगत सडतो आणि झाड आडवं होतं. खड्डा पूर्ण भरून मातीची भर द्या, पाणी बाहेर पळालं पाहिजे. शेणखतात ट्रायकोडर्मा, म्हणजे सड रोखणारी उपयोगी बुरशी, मिसळलेली उत्तम. सडलेलं झाड मात्र कंदासकट उपटून दूर टाका.

दिवाळीनंतर पान पिवळं पडून लोळलं की अनेकजण घाबरून युरिया टाकतात, पाणी वाढवतात. अहो, तो रोग नाही, कंद तयार होतोय! पाणी तोडा, पान पूर्ण वाळू द्या, मग खणा. कुदळ लांबून घाला, कारण जखमी गड्डा टिकत नाही.

आता खाज. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक टोचतात, म्हणून घसा खवखवतो. रानसुरणात हा त्रास फार, 'गजेंद्र' जातीत अगदी कमी. बियाणं घेतानाच जात विचारा. चिरताना हाताला तेल लावा. फोडी आमसुलाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात पूर्ण मऊ होईपर्यंत उकडा आणि ते पाणी फेकून द्या. अर्धवट शिजलेल्या फोडीला नुसत्या फोडणीने काही होत नाही.