खेळणी आवरायला बसण्याआधी

आधी डबे विकत आणू नका. घरभरची खेळणी एका जुन्या चादरीवर ओता. सोफ्याच्या फटीतली, पलंगाखालची, न्हाणीघरातलीसुद्धा. ढीग समोर आला की किती डबे लागतील ते कळतं. मूल झोपल्यावर हे उरकून टाकावंसं वाटतं, पण त्याला शेजारी बसू द्या. रोज काय लागतं ते त्यालाच ठाऊक असतं, आणि परत जागेवर ठेवायचंही त्यालाच आहे.

हाताशी दोन पिशव्या हव्यात, एक मोडक्या खेळण्यांसाठी आणि एक देऊन टाकायच्या. स्क्रूड्रायव्हरही घ्या. न वापरातल्या खेळण्यांतले सेल काढून ठेवा, नाहीतर ते आतच गळतात. चपटे बटण सेल असतील तर त्यांचं झाकण स्क्रूने पक्कं आहे ना, हे एकेक खेळणं हातात घेऊन बघा. असा सेल गिळला गेला तर दोनच तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते, तेव्हा इथे हयगय नको. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर मणी, बारीक ठोकळे, सुटी चाकं घट्ट झाकणाच्या डब्यात, उंचावर.

झाकणाची मोठी पेटी मला मुळीच पटत नाही. तळातली एक गाडी हवी म्हणून मूल अख्खी पेटी पालथी करतं, शिवाय जड झाकण बोटांवर आदळतं. त्यापेक्षा बुटांची खोकी बरी: उथळ, उघडी, मुलाला दोन्ही हातांनी उचलता येतील अशी. वर्गवारी फार बारीक नको, ‘गाड्या’ एवढं पुरे. वाचता येत नसेल तर खोक्यावर चित्र लावा. माझ्या लेकीने कागदावर ठोकळा ठेवून त्याच्या कडा पेन्सिलीने गिरवल्या, तो कागद खोक्यावर चिकटवला, आणि तेव्हापासून ते खोकं कधी चुकलं नाही.

जिगसॉ पझलच्या तुकड्यांमागे पेनने नंबर घाला, प्रत्येक पझलला वेगळा, आणि चेनच्या पिशवीत भरा. रॅक असेल तर भिंतीला ब्रॅकेटने पक्का करा, कारण मुलं त्यावर चढतातच. जड वस्तू खालच्या कप्प्यात.

सगळं एकदम मांडू नका. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, समोर 16 ऐवजी 4 खेळणी असताना लहान मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. म्हणून निम्मी खेळणी माळ्यावर ठेवा आणि काही आठवड्यांनी अदलाबदल करा. उराशी धरून झोपायचं फाटकं अस्वल मात्र या फेऱ्यातून वगळा.

आणि ती चादर घडी करून कपाटात टाकू नका. ठोकळे तिच्यावरच खेळू द्या. खेळ संपला की चारी टोकं उचलायची आणि खोक्यात ओतायचं.