पडवीचं छप्पर विटांच्या भिंतीला जोडताय? या चुका टाळा

आमच्या घराला मागच्या बाजूने पडवी काढली तेव्हा वासे, रिपा, कौलं सगळं मनासारखं जमलं होतं. पहिल्याच आषाढात भिंतीलगतच्या आडव्या लाकडामागे, म्हणजे वाशांची वरची टोकं ज्यावर टेकतात आणि जे बोल्टांनी भिंतीला जोडलेलं असतं त्यामागे, बोट जाईल एवढी फट दिसली. लाकूड शाबूत होतं, बोल्टही वाकले नव्हते. सुटली होती ती वीट. बोल्टाभोवती तिचा चुरा झाला होता आणि बोल्ट हाताने हलत होते. तेव्हापासून कोणी पडवी काढतोय म्हटलं की मी आधी भिंतीची चौकशी करतो, लाकडाची नंतर.

मुळात भार किती येतो ते बघा. दहा फूट रुंद, वीस फूट लांब पडवीवर तीनशेच्या वर मंगलोरी कौलं बसतात. एकेक कौल सव्वादोन-अडीच किलोचं, पावसात भिजलं की आणखी जड. वासे-रिपा धरून टनाच्या आसपास वजन होतं आणि त्यातलं जवळजवळ निम्मं त्या एका आडव्या लाकडावर, म्हणजे पर्यायाने भिंतीवर येतं. दोन-दोन फुटांवर बोल्ट घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला पन्नासेक किलो. हे फार नाही. पण त्यातले चार बोल्ट नुसतेच अडकलेले असले, तर बाकीच्यांनी किती ओढायचं?

सगळ्यात जास्त फसगत होते ती फास्टनर निवडताना. घट्ट आवळलं की फुगून बसणारा अँकर फास्टनर काँक्रीटमध्ये उत्तम. विटेत तोच आतून दाब देऊन वीट चिरतो, आणि ते बाहेरून दिसत नाही. पाना फिरवताना उलट छान घट्ट बसल्यासारखं वाटतं. लाकडी गुट्टी ठोकून स्क्रू मारणं तर छपरासाठी नकोच, ते फोटो टांगायला ठीक. नऊ इंची भिंत असेल आणि आतल्या बाजूला पट्टी दिसलेली चालत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: १२ मिलीमीटरची आटे पाडलेली सळई आरपार घाला, आत चार इंची चौकोनी लोखंडी पट्टी, बाहेर मोठा वायसर. आरपार शक्य नसेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून त्यात सळई चिकटवायची. मात्र भोक ब्रशने घासून, पंपाने फुंकून, पुन्हा घासून साफ करायला हवं. धूळ राहिली तर ते रसायन विटेला चिकटतच नाही, धुळीला चिकटतं. आणि डब्यावर लिहिलेला वेळ जाईपर्यंत नट आवळू नका, मिस्त्री कितीही घाई करोत.

ड्रिल करताना खाली पडणाऱ्या धुळीकडे लक्ष ठेवा. सारखी लाल भुकटी येतेय म्हणजे विटेत आहात. मध्येच पांढरी-करडी झाली आणि ड्रिल लोण्यात शिरल्यासारखं गेलं, तर सांध्यात गेलात. जुन्या चुन्यातल्या भिंतीत सांध्याचा भरवसा धरू नका, भोक विटेच्या मध्यावर घ्या. भिंतीच्या कोपऱ्याजवळ आणि अगदी वरच्या थरांत बोल्ट नको. तिथल्या विटांना धरून ठेवायला आजूबाजूला काही नसतं. सगळे बोल्ट एका रेषेत घेतले तर लाकूड त्या रेषेत चिरतं, म्हणून एक थोडा वर, एक थोडा खाली.

आणखी एक गोष्ट घाईत राहून जाते, ती म्हणजे गिलावा. अर्ध्या-पाऊण इंचाच्या गिलाव्यावर लाकूड टेकवून बोल्ट आवळले की काही महिन्यांत मागचा गिलावा पोकळ होतो आणि पकड सैल पडते. आधी हातोडीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर तेवढा पट्टा विटेपर्यंत खरवडून काढा. साडेचार इंची भिंत असेल, वीट नखाने खरवडली जात असेल किंवा भिंत पोकळ ब्लॉकची असेल, तर हट्ट करू नका. भिंतीलगतही तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, खांब उभे करून त्यांवर तुळई टाका. खर्च थोडा वाढेल, भिंत मोकळी राहील.

छप्पर आणि भिंत यांच्या सांध्यावर सिमेंटचा वाटा, म्हणजे कोपऱ्यात तिरका भराव, मारून मोकळं होणं ही आपल्याकडची जुनी सवय. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. भिंत जागची हलत नाही. वाटा तडकणारच. भिंतीत इंचभर खोल आडवी खाच पाडून सांधा झाकणाऱ्या पत्र्याची वरची कड तीत घाला, खाच भरून घ्या आणि पत्रा कौलांवर नीट उतरवा. नाहीतर पाणी त्या आडव्या लाकडामागे उतरतं आणि तिथेच वाळवी लागते. लाकूड लावण्याआधीच मागची बाजू आणि कापलेली टोकं काजूच्या टरफलाच्या तेलाने चोपडून घ्या. नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

वारा विसरू नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कौलं-पत्रे उडालेली घरं गावोगाव दिसली. पडवी तीन बाजूंनी उघडी, वारा खालून शिरतो आणि छप्पर वर उचलतो. वाशाला नुसते तिरके खिळे पुरत नाहीत. प्रत्येक वासा आडव्या लाकडाला लोखंडी पट्टीने बांधा. वाशाला खाच घेताना त्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा खोल जाऊ नका. समुद्राजवळ साधं लोखंड टिकत नाही, गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेस घ्या.

पहिला पावसाळा संपून लाकूड सुकलं, की दिवाळीच्या सुमारास शिडी लावून प्रत्येक नट पान्याने तपासा. पावसात फुगलेलं लाकूड तोवर सुकून आकसलेलं असतं. आमच्याकडे दुसऱ्यांदा काम केलं तेव्हाही काही नट अर्धा-अर्धा फेरा फिरले.