मस्ट, शुड, कुड : आधी मराठी क्रियापदाची शेपटी ऐका

'मस्ट म्हणजे पाहिजे, कॅन म्हणजे शकणे' असा तक्ता पाठ केला की निम्म्या चुका तिथेच पक्क्या होतात. मराठीत हे काम क्रियापदाची शेपटी करते. ती नीट ऐकली की इंग्रजी शब्द सापडतो.

सुरुवात नकारापासून, कारण महागात पडणारी चूक तिथे आहे. 'तुम्हाला उद्या यायला नको' म्हणजे गरज नाही : 'यू डोन्ट हॅव टू कम'. 'उद्या येऊ नका' ही मनाई : 'यू मस्टन्ट कम'. होकारात 'मस्ट' आणि 'हॅव टू' जवळजवळ सारखे वाटतात, म्हणून नकारातही चालतील असा समज होतो. मग द्यायची असते सवलत आणि होते बंदी.

होकारातला फरक बारीक आहे. 'मस्ट'मध्ये बोलणाऱ्याचा आग्रह असतो : 'हे मोदक खाल्लेच पाहिजेत'. 'हॅव टू'मध्ये बाहेरचा नियम किंवा नाइलाज : 'गणवेश घालावा लागतो'. साहेबांना ईमेलमध्ये 'यू मस्ट सेंड द फाइल' लिहिलं तर हुकूम सोडल्यासारखं होतं. तिथे 'कुड यू सेंड' लिहा.

'काल थांबावं लागलं' याला मात्र 'हॅड टू'च. 'मस्ट हॅव'ने सक्ती सांगता येत नाही, त्याचा अर्थ तर्काचा होतो. तो असा ऐकायचा :

गेली असेल – शी मे हॅव गॉन (किंवा माइट)
गेली असणार – शी मस्ट हॅव गॉन
गेली नसणार – शी कान्ट हॅव गॉन
तिने जायला हवं होतं – शी शुड हॅव गॉन (म्हणजे गेली नाही)
गेली असती – शी वुड हॅव गॉन

तिसऱ्या ओळीत 'मस्टन्ट हॅव' लिहायचा मोह होतो. तिथे 'कान्ट'च हवं. कर्ता 'शी' असला तरी 'हॅव'चं 'हॅज' होत नाही, आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप येतं : 'गॉन', 'वेन्ट' नव्हे.

'कुड'साठी 'यायचं' आणि 'आलं' यांत फरक करा. 'लहानपणी झाडावर चढता यायचं' हे नेहमीचं कसब, म्हणून 'आय कुड क्लाइम्ब ट्रीज'. 'काल शेवटची लोकल पकडता आली' हे एकदाच जमलेलं काम. इथे 'आय कुड कॅच' चुकीचं, 'आय मॅनेज्ड टू कॅच' किंवा 'आय वॉज एबल टू कॅच' म्हणा. पकडता आली नाही, तर 'कुडन्ट' बिनधास्त वापरा. दिसणं आणि ऐकू येणं यांना ही अट नाही : 'आय कुड हिअर द ट्रेन' बरोबरच आहे. ('कॅन एबल टू' म्हणजे 'शकू शकतो'. दोन्हींतलं एकच ठेवा.)

'वुड' अदबशीर वाटतं म्हणून 'उद्या येईन'ला 'आय वुड कम टुमॉरो' लिहिण्याची आपल्याकडे फार सवय आहे. वाचणाऱ्याला ते 'आलो असतो, पण...' असं ऐकू येतं आणि तो पुढच्या 'पण'ची वाट बघत बसतो. 'येईन'ला 'विल'. 'येईन म्हणाला' असेल तर मात्र 'ही सेड ही वुड कम'.

जुन्या सवयीलाही 'वुड' चालतं : 'आजोबा रोज फिरायला जायचे', 'ही वुड गो फॉर अ वॉक एव्हरी डे'. पण 'आमच्याकडे तेव्हा गाय होती' ही कृती नव्हे, स्थिती आहे. तिथे 'वी वुड हॅव अ काऊ' होत नाही, 'वी यूज्ड टू हॅव अ काऊ' होतं.