टेबलवर घेतल्याशिवाय ट्यूब लिहू नका

तालुक्याच्या गावात दवाखाना टाकून मला सतरा वर्षं झाली. त्यातली पहिली पाच-सहा वर्षं ‘खाली खाज सुटते’ म्हणणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईला मी न तपासताच क्लोट्रिमॅझोल, म्हणजे बुरशीवरचं मलम, लिहून दिलं. बाहेर वीस पेशंट बसलेले, बाई संकोचलेली, मी घाईत. दोघींनाही ते सोयीचं होतं. नवीन प्रॅक्टिस सुरू करणाऱ्यांनी ही सवय उचलू नये म्हणून हे लिहितेय.

साठीच्या एका मावशींनी एकदा माझ्यासमोर कॅरीबॅग उपडी केली. चेपून चपट्या झालेल्या अकरा ट्यूब. त्यातल्या चार माझ्याच चिठ्ठीवरच्या. खाज रात्री जास्त, झोप मोडते, लघवीला आग होते. ‘मालक जवळ आले की चिरा पडतात’, हे त्या सिस्टर बाहेर गेल्यावर बोलल्या. पांढरं जात नव्हतं. शुगर नॉर्मल. थायरॉइडची गोळी चालू. पाळी जाऊन बारा वर्षं झालेली. पाळी गेलेल्या, मधुमेह नसलेल्या, हार्मोन न घेणाऱ्या बाईला पुन्हा पुन्हा कॅन्डिडा, म्हणजे योनीतली बुरशी, सहसा होत नाही. मी पहिल्याच ट्यूबपाशी थांबायला हवं होतं.

टेबलवर घेतलं. योनीमुखाभोवतीची कातडी पांढुरकी, चुरगळलेल्या पातळ कागदासारखी. मधेमधे रक्त साकळल्याचे लाल-जांभळे ठिपके. तोच पांढरा पट्टा खाली गुदद्वाराला वळसा घालून गेलेला, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा. आतले ओठ जवळपास पुसले गेलेले. लायकेन स्क्लेरोसस, म्हणजे कातडी पांढरी, पातळ करणारा जुनाट आजार, बुरशी नव्हे. मावशींनी पडल्यापडल्याच विचारलं, “कोड नाही ना हो, बाई?” कोडात फक्त रंग जातो, कातडी पातळ, सुरकुतलेली होत नाही, चिरा पडत नाहीत. हे त्यांना हातात आरसा देऊन दाखवलं. तोच आरसा पुढे मलम नेमकं कुठे लावायचं ते शिकवायलाही कामी आला. दवाखान्यात एक ठेवाच.

औषध म्हणजे क्लोबेटासोल ०.०५ टक्के, हे तीव्र स्टेरॉइड, आणि शक्यतो ऑइंटमेंट. क्रीम जास्त चुरचुरतं. चार आठवडे रोज रात्री, पुढचे चार आठवडे एक दिवसाआड, त्यापुढचे चार आठवडे आठवड्यातून दोनदा. एका वेळी तर्जनीच्या एका पेरावर मावेल तेवढं, त्याहून जास्त नाही. ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरायला हवी.

इथे नव्या डॉक्टरचा हात थरथरतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही. जांघेतल्या गजकर्णावर स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूब लावून झालेले हाल आपण रोज बघतो. म्हणून आधी कड बघा. गजकर्णाची कड उचललेली, खपलीदार, मांडीकडे सरकणारी असते. शंका वाटली तर खरवडून केओएच, म्हणजे बुरशी शोधायची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, करा. स्टेरॉइड लावलेलं असेल तर मात्र कड पुसट होऊन फसवते. आणि दुकानात काय होणार तेही पेशंटला आधीच सांगून ठेवा. मावशींना मेडिकलवाल्याने ‘ही तिथं लावायची नसते’ म्हणून बजावलं, खोक्यातल्या कागदावरही तसंच छापलेलं. ट्यूब आठवडाभर फ्रिजवर पडून होती.

बाकीचे आजार थोडक्यात. कच्ची लाल, सोललेली जागा आणि योनीच्या आतही तसंच असेल तर लायकेन प्लेनस आठवा आणि तोंड उघडायला लावून हिरड्या बघा. खाजवून कातडी जाड, चामड्यासारखी झाली असेल तर लायकेन सिम्प्लेक्स. अंघोळीच्या पाण्यातलं जंतुनाशक, सुवासिक वॉश, दिवसातून तीनदा साबण, हे कोणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. साबण बंद करून साध्या पाण्याने धुणं आणि वर व्हॅसलीन, एवढ्यानेही कित्येकींना उतार पडतो.

लहान मुलींनाही लायकेन स्क्लेरोसस होतो. चड्डीला रक्ताचा डाग, खाली जखमेसारखे ठिपके, शी करताना रडणं, असं घेऊन आई येते तेव्हा अत्याचाराची शंका आणि हा आजार, दोन्ही डोक्यात ठेवा. एक सापडलं म्हणून दुसरं निकालात निघत नाही.

कॅन्सरचा धोका पाच टक्क्यांहून कमी, पण तो आहे. न भरणारी जखम, गाठ, कडक जाड चट्टा दिसला किंवा तीन महिने मलम नीट लावूनही फरक नसला, तर बायोप्सीला पाठवा. आणखी एक ट्यूब देऊन बघू नका.

मावशी तीन महिन्यांनी आल्या तेव्हा चिरा भरल्या होत्या, झोप लागत होती. गेलेले ओठ परत येत नाहीत, हे मी त्यांना सुरुवातीलाच सांगितलं होतं. आठवड्यातून एक-दोनदा मलम चालूच आहे आणि दिवाळीनंतर दरवर्षी त्या तपासून जातात. मागच्या खेपेला धाकट्या जावेला बरोबर घेऊन आल्या. जाऊ दारातच उभी.

“हिलाही खाज आहे, बाई. म्हणते, नुसती ट्यूब मागून आण.”