धरणाचा कार्बन मोजायचाय? पहाटे 4 चा गजर लावा

एमएस्सी एन्व्हायर्नमेंटची पोरंपोरी विचारत असतात, दादा धरणातून कार्बन डायऑक्साइड कसा काय निघेल, तिथं ना चिमणी ना गाड्या. मलाही सुरुवातीला हेच वाटायचं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

धरणाखाली बुडालेली माती, झाडोरा आणि दर पावसाळ्यात नदीसोबत येणारा पालापाचोळा, शेतातली माती, गावांचं सांडपाणी हे सगळं पाण्यात कुजतं, जिवाणू ते खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. आपल्याकडं पाणी वर्षभर कोमट, त्यामुळं कुजणं थंडीतही फारसं थांबत नाही. तळाला जिथं ऑक्सिजन संपतो तिथं मिथेनही तयार होतो, पण तो वेगळा विषय, त्याला वेगळी तयारी लागते.

मी काम केलं गिरणा धरणावर. 1969 चं धरण, कागदोपत्री नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यात, पण पाणी आपल्या चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याचं, म्हणून आम्ही ते आपलंच धरतो. पहिल्या सीझनला मी सकाळच्या एसटीने निघायचो, पोचून होडी मिळेपर्यंत 12 वाजायचे, मग दुपारी 2 पर्यंत सॅम्पल घेऊन परत. आकडे आले तर काय, पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षाही कमी! हवेत साधारण 420 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत 420 भाग) असतो, माझं पाणी त्याच्याही खाली, म्हणजे धरण कार्बन सोडत नाही उलट ओढून घेतंय असं मी लिहूनही टाकलं होतं. होडीवाले मामा एकदा सहज म्हणाले, "भाऊ, तू दुपारले येस, मासा त पहाटले वर येतस तोंड उघडीसन." मला तिथंच लख्ख झालं. मासे वर येतात कारण रात्रभर सगळ्यांनी श्वास घेऊन पाण्यातला ऑक्सिजन उतरलेला असतो, आणि जितका ऑक्सिजन उतरतो तितका कार्बन डायऑक्साइड चढलेला असतो. दुपारी ऊन असतं, शेवाळ तो खाऊन टाकतं, म्हणून मला दिसत नव्हता. मग मामांकडं मुक्काम केला, पहाटे, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, मध्यरात्री असं 24 तास सॅम्पल घेतलं, आणि पहिला सगळा निष्कर्ष खोडावा लागला. वर्ष गेलं खरं, पण काम बरोबर झालं. तुम्ही पहिल्याच फेरीला 24 तास करा.

आता मोजायचं कसं. पीएच आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) यांवरून हिशोब करणं सगळ्यात स्वस्त, आणि आपल्या काळ्या दगडातून येणाऱ्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर म्हणून ते बऱ्यापैकी जमतंही. पण पीएच 0.1 ने चुकला तरी उत्तर 25 टक्क्यांच्या आसपास हलतं, त्यामुळं मीटर काठावरच, त्याच उन्हात, 7 आणि 10 च्या बफरने (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने) कॅलिब्रेट करा, लॅबमधून करून आणू नका. दुसरी पद्धत सिरिंजची, अर्धं पाणी अर्धी हवा, जोरात हलवायचं आणि वरच्या हवेतला गॅस मोजायचा. पाणी जड (क्षारांचं) असेल तर यात कार्बोनेटची दुरुस्ती करावी लागते, म्हणजे हलवताना बायकार्बोनेटमुळं जो गॅस कमीजास्त होतो त्याचा हिशोब, विसरू नका. तिसरी पद्धत मला सगळ्यात आवडते, उलटी बादली पाण्यावर तरंगत ठेवायची, कडेला सायकलची ट्यूब, वरून चांदीचा कागद म्हणजे आत तापत नाही, आणि आत एक छोटा इन्फ्रारेड सेन्सर. बादली होडीला करकचून बांधू नका, होडीच्या हलण्याने पाणी ढवळतं आणि आकडा फुगतो, तिला सोबत वाहू द्या.

अजून एक, ब्राझीलच्या बाल्बिना धरणाचे आकडे वाचून घाबरू नका आणि ते इथं चिकटवूही नका. तिथं 1987 ला अख्खं वर्षावन पाण्याखाली गेलं, 2000 चौरस किलोमीटरहून जास्त, आणि वीज फक्त 250 मेगावॅट. आपली सिंचनाची धरणं वेगळी, उन्हाळ्यात अर्ध्याहून जास्त पोट उघडं पडतं. ती भेगाळलेली काळी माती उघडी पडली की हवा आत शिरते आणि तिथूनही कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तिथंच लोक गाळपेर करतात, काकडी, टरबूज लावतात. मी पहिल्या वर्षी फक्त पाणी मोजलं, गाळपेरीकडं ढुंकूनही पाहिलं नाही, त्याचं आजही वाईट वाटतं. तुम्ही मे महिन्यात बादली मातीवरही ठेवा, कडा ओल्या चिखलाने लिंपून.

आणि मामा लोकांचं ऐका, त्यांना पाणी आपल्यापेक्षा जास्त कळतं, थिसिसमध्ये त्यांचे आभार त्यांना विचारून नावानिशी लिहा. पहिल्या पुराचं सॅम्पल मात्र होडीतून घ्यायचं नाही, कितीही मोह झाला तरी नाही. पाणी गढूळ असतं, ऊन आत जात नाही, शेवाळ काम करत नाही, कचरा सगळा ताजा असतो, त्यामुळं ते सॅम्पल पाहिजे खरं, पण ते पुलावरून, दोरीला बादली बांधून, दोघांनी मिळून घ्या.