माळ्यावरच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या (आणि आधी कुठल्या घ्यायच्या)

माळ्यावर कॅसेटींचा खोका असेल तर तो खाली काढा आणि आधी दोन ढीग करा. एकात बाजारातून विकत घेतलेल्या, अभंग, नाट्यगीतं, लोकगीतं, सिनेमाच्या वगैरे. दुसऱ्यात घरी टेप केलेल्या, ज्यांच्यावर बॉलपेनने काहीतरी खरडलंय किंवा काहीच लिहिलेलं नाही. पहिला ढीग सध्या राहू द्या, त्यातलं बरंचसं कुठल्या ना कुठल्या ॲपवर मिळतं आणि तिथला आवाज तुमच्या कॅसेटपेक्षा बराच चांगला असणार. हां, छोट्या कंपन्यांनी काढलेल्या वग, गोंधळ, कलापथकाच्या कॅसेटी कधीकधी कुठेच सापडत नाहीत, त्या एकदा शोधून बघा आणि नाही मिळाल्या तर दुसऱ्या ढिगात टाका. हा दुसरा ढीग जगात एकच आहे, दुसरी कॉपी कुणाकडे नाही, म्हणून सुरुवात इथूनच करायची.

माझ्या ढिगात आजीची कॅसेट होती. मामा तेव्हा मस्कतला होता, १९८७ च्या सुट्टीत येताना टू-इन-वन (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र) घेऊन आला आणि आजी पहाटे दळायला बसली तेव्हा जात्याशेजारी ठेवून त्याने बटण दाबलं, एक अख्खी साइड, जवळजवळ अर्धा तास ओव्या. काही वर्षांपूर्वी मी ती एका दुकानात दिली, त्यांनी एमपीथ्री करून दिली आणि ऐकल्यावर मला रडूच आलं, कारण खरखर काढायच्या नादात आजीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झालेला आणि दोन ओव्यांच्या मधलं बोलणं कुणीतरी "रिकामी जागा" समजून कापून टाकलेलं. नशीब की मूळ कॅसेट परत मिळाली. मग मी स्वतः शिकले आणि आता नातेवाइकांच्या, शेजारच्यांच्या मिळून बऱ्याच केल्यात, त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी बीटल्सची, म्हणजे साठच्या दशकातल्या चौघांच्या गाजलेल्या इंग्लिश बँडची, एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्यातल्या जॉन लेननने सत्तरच्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कला राहत्या घरी पियानोवर एक गाणं साध्या कॅसेटवर टेप करून ठेवलं होतं. तो गेल्यावर १९९४ मध्ये त्याच्या बायकोने, योको ओनोने, ती कॅसेट बँडमधल्या पॉल मॅकार्टनीला दिली, १९९५ मध्ये उरलेल्या तिघांनी प्रयत्न केला पण पियानो आणि आवाज एकमेकांत इतके मिसळलेले आणि वर विजेची घरघर, शेवटी नाद सोडला. मग सिनेदिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या टीमने बीटल्सच्या डॉक्युमेंटरीसाठी मिसळलेले आवाज वेगळे करणारं सॉफ्टवेअर बनवलं, त्यातून लेननचा आवाज सुटा निघाला आणि 'नाऊ अँड देन' २ नोव्हेंबर २०२३ ला बाहेर आलं, २०२५ मध्ये त्याला ग्रॅमीसुद्धा मिळालं. १९९५ मध्ये जे जमलं नाही ते २०२३ मध्ये जमलं, कारण टेप जशीच्या तशी होती. तर आपलं काम एवढंच की कॅसेटमधून जेवढं निघतंय तेवढं सगळं, काहीही न कापता न पुसता कॉम्प्युटरवर घ्यायचं. साफसफाई नंतर होईल, पुढच्या दहा वर्षांत आजच्यापेक्षा चांगली होईल, पण टेपवरून गेलेला आवाज परत येत नाही.

आता कामाला लागू. कॅसेट हातात घेतली की पहिल्यांदा वरच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या जिभल्या बघा. शाबूत असतील तर स्क्रूड्रायव्हरने तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं गेलं तरी पुसलं जाणार नाही. साइड ए आपल्याकडे आणि टेपची बाजू खाली धरली तर डावीकडची जिभली ए साइडची असते, पण दोन्ही तोडायच्या. मग खिडकीतून रीळ बघा, पांढरट पावडरीसारखं दिसलं तर ती बुरशी, कोकणात आणि मुंबईत ही फार, अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये (म्हणजे स्टिरिओला जोडायच्या कॅसेट प्लेअरमध्ये) अजिबात घालू नका आणि नाकाला फडकं बांधल्याशिवाय उघडूही नका, ती वेगळी ठेवा आणि शेवटी करा. खाली मधोमध तांब्याच्या पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा असतो, तोच टेपला हेडवर, म्हणजे प्लेअरच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो, तो गळून पडला असेल तर आवाज दबका आणि खालीवर येतो. पाच स्क्रूवाली कॅसेट असेल तर उघडून दोन्ही रिळं दुसऱ्या एखाद्या चांगल्या खोक्यात बसवता येतात, सरावासाठी आधी एक टाकाऊ कॅसेट उघडून बघा. टेप ढिली असेल तर सहाकोनी पेन्सिल घालून हळू गुंडाळा, ते सगळ्यांना येतंच. आणि ऊन दाखवायचं नाही, कितीही ओलसर वाटली तरी.

प्लेअरबद्दल जरा सविस्तर सांगते कारण इथेच लोक फसतात. कॅसेटचं सध्या परत वारं आलंय, टेलर स्विफ्ट, बिली आयलिश यांचे अल्बम कॅसेटवर निघतायत, २०२२ मध्ये नेटफ्लिक्सच्या एका सिरीजमधल्या मुलीने वॉकमनवर केट बुशचं १९८५ चं गाणं ऐकलं आणि ते सदतीस वर्षांनी इंग्लंडमध्ये एक नंबरला गेलं, त्यामुळे फिओ, वी आर रिवाइंड अशा कंपन्यांनी नवे कॅसेट प्लेअर काढलेत आणि ते दिसायलाही सुंदर आहेत. नवी कॅसेट ऐकायला जरूर घ्या. पण या कामाला मी जुना, दुरुस्त केलेला घरगुती डेकच सांगेन. कारण एक म्हणजे नव्या पोर्टेबल प्लेअरमध्ये डॉल्बी नॉइज रिडक्शन (टेपची सूंसूं कमी करणारी सोय) नसतं, त्याच्या चिप आता बनतच नाहीत, आणि दुसरं म्हणजे जुन्या चांगल्या डेकचा वेग जास्त स्थिर असतो. ऑनलाइन मिळतात ते स्वस्तातले प्लास्टिकचे यूएसबी प्लेअर तर घेऊच नका, त्यात लांबवलेला सूर थरथरतो आणि ते नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने धड सुधारत नाही.

जुना डेक पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी, मुंबईत चोर बाजारात मिळून जातो, आणि बेल्ट, पिंच रोलर (टेप ओढणारं रबरी चाक) वगैरेसाठी पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. बरीच वर्षं बंद असलेल्या डेकचा रबरी बेल्ट बहुतेक वितळून डांबरासारखा झालेला असतो, तो बदलल्याशिवाय आपली कॅसेट आत घालायची नाही. माझी एक कॅसेट, आत्याच्या हळदीच्या गाण्यांची, अशीच डेकने खाल्लीय, म्हणून सांगते की आधी दोन-तीन बिनकामाच्या कॅसेटी पूर्ण वाजवून, पुढे-मागे करून बघा, मगच खरी घाला.

मग सफाई. मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, कानकाडीला लावून हेड, त्याच्या शेजारची चकचकीत बारीक दांडी आणि तिला टेकणारं रबरी चाक, तिन्ही पुसायचं. काडी तपकिरी होईल, ती टेपवरून निघालेली गंजासारखी पूड आहे, काडी पांढरी निघेपर्यंत पुसा. घरगुती कॅसेटींना मी दर दोन साइडनंतर पुसते.

आता बहुतेक लोक जे करत नाहीत पण ज्याने सगळ्यात जास्त फरक पडतो ते, हेडचा कोन. कॅसेट ज्या मशीनवर टेप झाली त्याचं हेड एका कोनात होतं आणि तुमच्या डेकचं वेगळ्या, एवढासा फरक असला तरी आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो आणि आपल्याला वाटतं टेप खराब झाली. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला एक बारीक स्क्रू असतो, बऱ्याच डेकमध्ये प्ले चालू असताना झाकणाच्या भोकातून तिथवर पोचता येतं. मूळ जागा कळायला नेलपॉलिशची खूण करा, मग हेडफोन लावून, आवाज मोनोवर ठेवून स्क्रू अगदी केसभर इकडेतिकडे फिरवा आणि 'स', 'श', बांगड्या, टाळ्या जिथे सगळ्यात स्वच्छ ऐकू येतील तिथे थांबा. आजीच्या कॅसेटवर हे केलं तेव्हा पहिल्यांदा जात्याच्या खुंट्यावर बांगड्या आपटतात तो आवाज आला. दुकानातल्या एमपीथ्रीत तो नव्हताच.

वेग तपासायला पहिला ढीग कामी येतो. विकत घेतलेली एखादी कॅसेट लावा ज्यातलं गाणं ॲपवर आहे, दोन्हीकडे किती मिनिटं-सेकंद लागतात ते बघा. ॲपवर पाच मिनिटांचं गाणं डेकवर पाच मिनिटं दहा सेकंद चाललं तर डेक हळू आहे, मेकॅनिकला सांगा, बऱ्याच मोटरींना मागे वेगाचा छोटा स्क्रू असतो. डेक बरोबर असूनही घरगुती कॅसेट वेगळी वाजू शकते. माझ्या कॅसेटमध्ये शेवटच्या पाच मिनिटांत आजी लहान मुलीसारखी बारीक आवाजात गाते, कारण टेप करताना सेल उतरत होते, तेव्हा टेप हळू फिरली आणि आज नेहमीच्या वेगाने वाजवली की आवाज चढतो. हे नंतर सॉफ्टवेअरमध्ये वेग बदलून ठीक करता येतं, घेताना तसंच घ्या.

जोडणी सोपी आहे पण एक चूक सगळे करतात, लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालतात. ते भोक मोनो आणि फार संवेदनशील, आवाज फाटतो. त्याऐवजी लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या, बेरिंगरचं यूसीए-२०२ मिळालं तर त्यात लाल-पांढरी पिन सरळ बसते. डेकच्या मागच्या लाइन-आउटमधून वायर इंटरफेसच्या इनपुटला, इंटरफेस लॅपटॉपला, झालं. डेकच नसेल आणि टू-इन-वनच वापरायचा असेल तर हेडफोनच्या भोकातून घ्या, आवाज निम्म्यावर आणि बास-ट्रेबल मधोमध.

सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, फुकट आहे आणि २००० सालापासून आहे. इनपुटला यूएसबी निवडा, स्टिरिओ, ४४१०० हर्ट्झ, २४ बिट. कॅसेटचा सगळ्यात मोठा आवाज येतो तो भाग आधी वाजवून बघा आणि मीटर उणे सहा डेसिबलच्या वर जाणार नाही असं ठेवा, कमी असलेलं चालतं, लाल झालेलं चालत नाही. डॉल्बीचं बटण कॅसेट डॉल्बीत टेप केलेली असेल तरच चालू, घरच्या टू-इन-वनवरच्या कॅसेटींना जवळपास नेहमीच बंद. लॅपटॉपचं स्लीप बंद करा, विंडोजमधले ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा, कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे करून घ्या म्हणजे टेप सारखी गुंडाळली जाते, आणि मग रेकॉर्ड आधी दाबून नंतर प्ले. मध्ये थांबवायचं नाही, अख्खी साइड एका दमात. "इथे काहीच नाही" असं वाटलं तरी टेप संपेपर्यंत चालू द्या, दहा मिनिटांच्या शांततेनंतर कुणीतरी बोललेलं मला दोनदा सापडलंय.

झालं की ताबडतोब फ्लॅकमध्ये एक्स्पोर्ट करा. २४ बिटात साठ मिनिटं म्हणजे मूळ साडेनऊशे एमबीच्या आसपास, फ्लॅकमध्ये साधारण निम्मं आणि आवाज तोच राहतो. या फाइलला पुन्हा हात लावायचा नाही, सगळे प्रयोग कॉपीवर. ऐकताना जिथे नवीन गाणं किंवा माणूस येतो तिथे कंट्रोल-एम दाबून लेबल लावत जा, नंतर त्या लेबलांवरून वेगवेगळ्या फाइल आपोआप निघतात. खरखर काढायचीच असेल तर फक्त खरखर असलेला एक-दोन सेकंदाचा तुकडा निवडा, नॉइज रिडक्शन इफेक्टमध्ये गेट नॉइज प्रोफाइल दाबा, आणि मग अख्खं रेकॉर्डिंग निवडून तोच इफेक्ट सहा डेसिबलवर लावा, त्याहून जास्त नको. डेमक्स, अल्टिमेट व्होकल रिमूव्हर अशी आवाज वेगळे करणारी फुकटची साधनंही आता आहेत, लेननच्या गाण्यासारखंच काम घरच्या कॉम्प्युटरवर करतात. मी आजीचा आवाज त्यातून वेगळा काढून पाहिला, जात्याची घरघर गेली आणि ओवीचा तालच गेला, ती फाइल मी ठेवली नाही. ओव्या म्हटल्यावर, हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यातल्या बऱ्याच आता 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) वेबसाइटवर आहेत, वेळ काढून ऐका, आपल्या घरातल्या कॅसेटची किंमत तिथे कळते.

फाइलचं नाव "ऑडिओ १" ठेवू नका, साल, कोण, कुठे, साइड, एवढं तरी हवंच. कॅसेटचा, आतल्या कागदाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक भावाकडे, बहिणीकडे, म्हणजे दुसऱ्या घरात. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. विकत घेतलेल्या कॅसेटी आपल्यापुरत्याच ठेवायच्या, त्या यूट्यूबवर टाकायच्या नाहीत, हक्क कंपनीचे आणि कलाकारांचे असतात. मूळ कॅसेटी फेकू नका, उभ्या ठेवा, कोरड्या जागी, स्पीकरपासून लांब.

आणि हे सगळं होईपर्यंत वाट न बघता, पहिली फाइल तयार झाली की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ लॅपटॉप घेऊन बसा आणि वही-पेन घ्या. आईला ऐकवली तेव्हा नवव्या मिनिटाला आजीच्या मागून ओवी उचलणारा दुसरा एक आवाज आला, मला तो कायम आजीचाच वाटायचा. आई म्हणाली, "अगं ही तर शेजारची सोना मावशी, रोज यायची दळायला." फाइलच्या नावात आता दोघींची नावं आहेत.