बेलिफाचा शेरा: नव्याने रुजू झालेल्यांसाठी

दिवाणी न्यायालयात बेलिफ म्हणून रुजू झालात की नाझर तुमच्या हातात समन्स-नोटिसांचा गठ्ठा देतात. माझा पहिला गठ्ठा मी चार दिवसांत संपवला होता, आणि मला त्याचा अभिमान होता. त्याच गठ्ठ्यातल्या एका समन्सनं पुढं मला हे काम शिकवलं.

घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाला, "गेल्यात कुठंतरी." मी प्रत दाराला चिकटवली, 'प्रतिवादी घरी नाही, दरवाजावर डकवली' असा शेरा मारला आणि पुढच्या गावाला गेलो. प्रतिवादी हजर झालाच नाही, दाव्याचा निकाल एकतर्फी लागला. दोन वर्षांनी जप्तीची वेळ आली तेव्हा तो कोर्टात अर्ज घेऊन उभा राहिला. मी गेलो त्या दिवसांत तो बायकोपोरांसह ऊसतोडीला गेला होता. मला साक्षीला बोलावलं. किती वेळा गेलात? तो कुठं गेलाय, कधी येणार, कुणाला विचारलंत? घर कुणी दाखवलं? माझ्या शेऱ्यात यातलं काहीच नव्हतं. हुकूमनामा रद्द झाला. वादीची दोन वर्षं वाया गेली आणि प्रतिवादीनं दोन हंगामांची कमाई वकिलाला दिली. दोघांचं नुकसान माझ्या एका ओळीनं केलं.

म्हणून 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला, समन्स बजावण्याचे नियम सांगणारा आदेश 5 रोज एकदा वाचा, निदान पहिलं वर्षभर तरी. जमेल तिथं समन्स त्याच माणसाच्या हातात द्यायचं. तो घरी नसेल आणि वाजवी वेळेत भेटेल असं दिसत नसेल, तरच घरातल्या सज्ञान माणसाकडे. 1976 च्या दुरुस्तीपासून ती व्यक्ती बाई असली तरी चालते. घरातला गडी मात्र कुटुंबात धरत नाहीत. फौजदारी समन्सला 'सज्ञान पुरुष' ही अट थेट 1 जुलै 2024 ला नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू होईपर्यंत होती. दुपारच्या वेळी बहुतेक घरांत बाईच भेटते, हे आपल्याला दारोदार फिरून ठाऊक असतं. हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

दारावर डकवणं हा शेवटचा उपाय. शेतकऱ्याकडे सकाळी आठच्या आत जा, नोकरदाराकडे रविवारी. तरीही भेट झाली नाही, तर शेरा असा लिहा: 'अमुक तारखांना सकाळी व संध्याकाळी गेलो. शेजारी अमुक यांनी प्रतिवादी परगावी असल्याचे व परतण्याची तारीख माहीत नसल्याचे सांगितले. घर अमुक यांनी दाखवले. त्यांच्यासमोर बाहेरच्या दारावर प्रत डकवली.' घर दाखवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि वेळ हवीच. बजावणीच्या तारखेपासून प्रतिवादीला कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायचे 30 दिवस मोजले जातात, त्यामुळे तारीख अंदाजानं टाकू नका. आता मोबाईलवरच्या एनस्टेप या समन्स-बजावणीच्या ॲपमध्ये जागेची नोंद होते. पण तुम्ही चौकशी काय केलीत, हे ते ॲप सांगत नाही.

वादीच्या मोटारसायकलवर मागं बसून प्रतिवादीच्या दारात जाऊ नका. घर दाखवायला तो आला तरी आपण एसटीनं जायचं. त्याच्या गाडीवरून उतरलात की तुम्ही त्याचे झालात, मग शेरा कितीही खरा असो.

माणूस सही करायला नकार देत असेल तर हुज्जत घालू नका. कागद कशाचा आहे, तारीख कुठली, एवढं शांतपणे सांगा आणि नकाराची नोंद करा.

एका वाडीत एक आजी समन्स बघून थरथरायला लागल्या. "बाळा, मला धरून नेणार का रं?" त्यांना वाचता येत नव्हतं. मी ओट्यावर बसलो. पुतण्यानं वाटपाचा दावा लावलाय, कुणी धरून नेत नाही, तारखेला जाऊन आपलं म्हणणं मांडायचं, एवढं सांगितलं. तालुका विधी सेवा समितीकडून बायकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, हेही सांगितलं. दावा खरा की खोटा यावर एक शब्द बोललो नाही, तो आपला अधिकार नाही. आजींनी अंगठा उठवला. मग समन्सची घडी घालून ती देव्हाऱ्यात ठेवली आणि तारीख मला पुन्हा एकदा सांगायला लावली.